ताईबाईच्या नऊ तुळया

असोद्यातल्या ताईबाईला लेकी तीन आणि जावई नऊ, असं बायका विहिरीवर म्हणत आणि पदराआड हसत. ते नऊ जावई म्हणजे तिच्या सागाच्या नऊ तुळया. गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत त्या दगडांवर आडव्या ठेवलेल्या होत्या, वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि जुनं गोणपाट. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की त्यांच्या डोक्यावर तेल घालायच्या आधी ताईबाई तुळयांना करंजाचं तेल चोळायची. टोकांना हळदकुंकू लावायची. खऱ्या जावयांना इतका मान मिळत नसे. मधल्या जावयानं एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा तिनं त्याला ऐकवलं की तुळया निदान दोनदा वाढून मागत नाहीत.

तुळया तिच्या नवऱ्यानं, रुपचंदनं आणलेल्या. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा घर थोरल्याकडे गेलं. रुपचंदच्या वाट्याला गोठा आणि ती मोकळी जागा आली. तो भांडला नाही. यावलच्या वरच्या डोंगरातून त्यानं बैलगाड्यांवर सोळा-सोळा हातांचा साग आणला, नऊ खणांचं काळ्या दगडाचं जोतं घातलं, आणि जोत्यावर भिंत चढायच्या आत प्लेगात गेला.

तेव्हापासून ताईबाई मुलाला घेऊन गोठ्यात राहत होती. राहतो असं म्हटलेलं तिला खपत नसे. थांबलो आहोत, म्हणायचं. बैल बाहेर बांधले, जमीन सारवली, कोपऱ्यात चूल मांडली. दार एकच. खिडकी नव्हती, कारण गोठ्याला कोण खिडकी ठेवतं? आणि चार दिवसांसाठी भिंत कशाला फोडायची? ते चार दिवस आता अकरा वर्षांचे झाले होते.

एक सल मात्र तिनं कुणाला सांगितला नव्हता. आखाजीला लेकी यायच्या त्या तिच्याकडे जेवायच्या आणि झोपायला थोरल्या दिराच्या घरी जायच्या, कारण गोठ्यात पाय पसरायला जागा नव्हती. जाऊ मुद्दाम दारात उभी राहून म्हणायची, या गं पोरींनो, आपलंच घर आहे. ते ऐकलं की ताईबाई तोंडातला घास तसाच धरून बसायची. नऊ खण तिला हवे होते ते ह्यासाठी.

मुलाचं, हिलालचं लग्न ठरलं तेव्हा तिनं व्याह्याला गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. जोत्यावर घोंगडी अंथरून पाहुणचार केला, तुळया एकेक करून दाखवल्या, आणि तुमची कमल नऊ खणांत नांदेल असं सांगितलं. कमल आली ती गोठ्यात. चार वर्षं तिनं त्या धुरात भाकरी थापल्या. तिला सुंदर नावाची मुलगी झाली, आणि खोकला जडला. खोकला आला की ती दारापर्यंत जायची, दोन श्वास घ्यायची आणि तव्याकडे परत यायची. कुरकुर अशी कधी नाही. तेच ताईबाईला जास्त खुपायचं. भांडणारीला उत्तर देता येतं.

जर्मनच्या लढाईचं शेवटचं वर्ष होतं. कापसाला भाव आला होता. त्या उन्हाळ्यात नथ्थू शिंप्यानं ठरवलं की गाव सोडून जळगावला गिरणीजवळ दुकान टाकायचं, आणि त्याचं घर विकायला निघालं. घर दोन खणांचं, धाब्याचं, वर मातीचं सपाट छत. भिंती चांगल्या होत्या, पण धाबं मधोमध वाकलं होतं. अभिमन सुतार वर चढला, कुदळीनं उकरून पाहिलं आणि हसतच खाली उतरला. धाबं गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर खारी माती टाकतात. पण आधी जुनी खरवडायची असते. नथ्थूनं वीस वर्षांत एकदाही खरवडली नव्हती. थरावर थर चढून दीड हात माती झाली होती आणि तिच्या ओझ्यानं तिन्ही तुळया चिरल्या होत्या.

अभिमननं हिलालला हिशेब सोपा करून सांगितला. माती उतरवायची, तीन तुळया बदलायच्या. घराचा गाळा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, दहा हातांचा. तुमच्या तीन कापल्या तर आषाढाच्या आत चूल पेटेल.

कमल ते घर पाहून आली होती. पाहून आली म्हणजे शिंपिणीकडे ताक मागायच्या निमित्तानं तीनदा गेली होती. घरी येऊन ती हिलालला एवढंच म्हणाली की चुलीजवळ खिडकी आहे.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, लेकी निंबाला बांधलेल्या झोक्यावर होत्या तेव्हा, हिलालनं जोत्यावर बसून आईपुढे विषय काढला. ताईबाई तेलाची वाटी घेऊन सातव्या तुळईपाशी होती. तिनं हात थांबवला नाही.

"शिंप्याच्या घराले तुझ्या बापाचा साग?" ती म्हणाली. "त्याच्या धाब्यावर माती हाये का पुरणपोळी? थरावर थर."

"माती उतरते, माय. भिंती चांगल्या हायेत."

"मंग भिंतींत राहा."

हिलालनं समजावलं. नऊ खण होतील तेव्हा होतील. तीन तुळया पुन्हा आणू. कापसाचे पैसे आले आहेत, त्यांत आता हे घर, पुढे ते नऊ खणांचं. ताईबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं की तुझ्या बहिणी दोन खणांत कुठं झोपतील, का त्यांना जन्मभर काकूच्याच दारात पाठवायचं? एक तुळई कापली की नऊ खण गेले, ती म्हणाली. आज तीन, उद्या कुणाचं लग्न निघालं की मांडवाला दोन, आणि मग जोत्यावर शेळ्या बांधा.

तेव्हा कमल बोलली. चार वर्षांत सासूपुढे ती पहिल्यांदा आपणहून बोलली.

"आत्याबाई, मले नऊ नको. दोन पुरतात."

ताईबाईनं वाटी खाली ठेवली. "तुझ्या बापाले मी नऊ दाखवले," ती म्हणाली. "तू दोन खणांत राहशील, आणि तो मले खोटी म्हनंल. थोडं थांब. एवढी थांबली, अजून दोन सुग्या थांब."

कमलनं मान हलवली आणि सुंदरला उचलून गोठ्यात गेली. आतून तिचा खोकला ऐकू आला. ताईबाईनं आठवी तुळई घेतली, मग नववी. पुढच्या महिन्यात नथ्थूचं घर एकानं कडबा भरायला घेतलं. कडब्याला खिडकी कशाला म्हणून त्यानं ती विटांनी बुजवली.

दोन सुग्या दूरच राहिल्या. श्रावण कोरडा गेला. भादव्यात कापसाची बोंडं लहान असतानाच वाळली. आणि आश्विनात मानमोडीच्या तापाची साथ आली. आज अंग दुखतं म्हणणारा माणूस परवा तिरडीवर दिसायचा. आधी गल्लीत एक, मग घरात एक, मग घरात दोन. थोरली जाऊ गेली; तिच्या दारात आता कुणी उभं नसायचं.

हिलालला ताप आला आणि पाचव्या दिवशी उतरला. तो उतरला तेव्हा कमल पडली. तिला मूळचा खोकला होताच. ताईबाईनं पहिल्यांदा चूल बाहेर काढली, तीन दगडांवर, उघड्यावर. धूर गेला, पण आतली हवा तशीच कोंडलेली राहिली. दार उघडं टाकलं तर वारा थेट अंगावर, लावलं तर काळोख. कमलचा श्वास कपडा फाडल्यासारखा यायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंतीवर हात ठेवला आणि खिडकी शोधल्यासारखं चाचपलं.

ताईबाई उठली. बाहेरून पहार आणली आणि कमलच्या पायांच्या बाजूला, छातीइतक्या उंचीवर, भिंतीत घातली. साठीची बाई, दहा घावांत धापा टाकू लागली. हिलाल भिंतीला धरून उभा होता, तो म्हणाला, मी करतो. तिनं ऐकलं नाही. भिंत पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांची होती, भुसभुशीत. दुपार व्हायच्या आत परातीएवढं भोक पडलं. उजेड आत आला आणि कमलच्या तोंडावर पडला. एवढंच काम होतं. एका सकाळचं. अकरा वर्षांत ते कुणी केलं नव्हतं, कारण इथं राहायचंच नव्हतं.

कमलनं डोळे उघडून भोकाकडे पाहिलं. हसली असं ताईबाई पुढे कधी म्हणाली नाही. पाहिलं, एवढंच म्हणायची. दिवस कलायच्या आत कमल गेली.

चितेच्या लाकडांसाठी हिलाल, अंगात त्राण नसताना, गाडी जुंपून गेला. गावातली बाभळ संपली होती. भादलीत, शेळगावात प्रत्येक वखारीपुढे माणसं बसलेली. गावातल्या लोकांनी चितेसाठी घरांची दारं काढली होती. तो रिकामी गाडी घेऊन आला आणि दारात बसला. तुळयांचं नाव काढायची त्याला हिंमत नव्हती. तीन मागितल्या तेव्हा आई काय म्हणाली होती ते त्याला पाठ होतं.

ताईबाईनं सुंदरला शेजारणीकडे दिलं, पदर खोचला आणि गल्लीच्या टोकाला गेली. पऱ्हाट्या बाजूला केल्या, गोणपाट ओढून काढलं. मग तिथूनच हिलालला सांगितलं, "अभिमनले बोलाव. करवत घेऊन ये म्हना."

अभिमन आला. त्याच्या घरातही दोन माणसं पडलेली होती. त्यानं विचारलं, "अक्का, किती कापू?"

"तीन," ती म्हणाली.

तोच आकडा होता. अभिमनला तो आठवला असणार, कारण त्यानं मान वर केली नाही. बायका स्मशानात जात नाहीत. ताईबाई जोत्यावर बसून करवतीचा आवाज ऐकत राहिली. करंजाच्या तेलानं लाकूड चांगलं मुरलं होतं. आत कीड नव्हती, वाळवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गल्लीतलं कुणीतरी दबकत विचारायला आलं. तिनं तुळयांकडे बोट दाखवलं. दिवाळीपर्यंत राहिलेल्या सहाही गेल्या. नऊ जावयांची थट्टा पुन्हा कुणी केली नाही.

थंडीत भोकातून वारा यायला लागला. हिलालनं पोतं लावलं. एक दिवस अभिमन न बोलावता आला, काखेत एक छोटी चौकट. कापलेल्या टोकांमधून दोन-तीन हातांचे तुकडे त्याच्याकडे उरले होते, त्यांची त्यानं केली होती. एका बाजूला हळदीचा डाग अजून होता. ताईबाई चिडेल असं वाटून तो दारातच थांबला.

ताईबाईनं चौकटीवरून अंगठा फिरवला.

"बसव," ती म्हणाली. "अन् नीट बसव. राहायचं हाये इथं."

त्या खिडकीतून जोतं दिसतं. कुणाच्या तरी शेळ्या त्याच्यावर बसलेल्या असतात. आखाजीला ताईबाई सवयीनं तेलाची वाटी भरते, खिडकीशी घेऊन जाते, आणि मग सुंदरला हाक मारून तिच्या डोक्यावर घालते. सुंदर विचारते, आजी, एवढं तेल कशाला?