सहाशे चौतीसचं घर

शाळेच्या ग्रंथालयातली कपाटं विषयांची नव्हती, माणसांची होती. एक मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचं, एक सरपंचांच्या आईच्या नावाचं, एक निवृत्त पोस्टमास्तरांचं. ज्याने पुस्तकं दिली त्याची पुस्तकं त्याच्याच कपाटात. सापांवरचं एक पुस्तक मंडळाकडे, तर दुसरं पोस्टमास्तरांकडे, आणि दोन्ही साप वर्षानुवर्षं एकमेकांना भेटलेले नाहीत. मे महिन्यात देणगीदार गावी आला की आपलं कपाट उघडून बघायचा. एखादं पुस्तक जागेवर दिसलं नाही तर चहाला हातही न लावता उठायचा. म्हणून कोणी काही हलवलं नव्हतं.

खिडकीजवळचं शेवटचं कपाट विश्रामचं. दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, ‘कै. विश्राम यांच्या स्मरणार्थ’. किल्ली आनंदीबाईंकडे. ग्रंथालय त्यांच्याकडे होतं, आणि विश्राम त्यांचा नवरा होता.

तो ओरोसला कृषी कार्यालयात होता. सकाळच्या एस्टीने जायचा, संध्याकाळी यायचा. पगार झाला की पिशवीत भाजीबरोबर एखादं पुस्तक असायचं. आंबा, काजू, नारळ, माती, कीड. गेल्या गणपतीच्या आधी तो ऑफिसातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. आनंदीने सगळं रीतीप्रमाणे केलं. आलेल्यांना चहा दिला, गेलेल्यांना वाटेपर्यंत पोचवलं. बायका बघत राहिल्या, ही कधी रडते. ती रडली नाही. दात काढताना हिरडीत सुई देतात, मग गाल आपला असून आपला लागत नाही, तसं तिला आतून झालं होतं. मग दीर म्हणाले पुस्तकं शाळेला देऊया, तर तिने हो म्हटलं. एकेक पुस्तक उघडून झटकलं. कुठे काही लिहिलेलं सापडलं नाही. त्याला पुस्तकात लिहायची सवयच नव्हती.

शनिवारी शाळा अर्धी. त्या दिवशी विश्रामची आई, माई, वाडीतून चालत वर यायची आणि त्या कपाटासमोर बसायची. एकदाच म्हणाली होती, “घरात तो खंयच गावना नाय गो. हंय तरी एका जाग्यार आसा.”

मग दोघी मिळून घरी जायच्या.

जानेवारीत नववीच्या मुलांनी कांदळवनावर प्रकल्प केले. सगळ्यांनी तळेऱ्याच्या एकाच दुकानात जाऊन एकच माहिती छापून आणली होती. मुख्याध्यापक सुदेश सर वह्यांचा गठ्ठा घेऊन ग्रंथालयात आले.

“बाई, हे वाचा. ‘आमच्या खाडीतील कांदळवनात पट्टेरी वाघ आढळतो.’ सगळ्यांच्या वहीत वाघ! देवेशचं घर तर खाडीच्या काठावर.”

मागे उभा असलेला देवेश म्हणाला, “सर, रात्रीचो येत असात. माका खंय दिसता?”

“गप रे! बाई, ह्यांना पुस्तक शोधायला शिकवा. हातात काढून देऊ नका. त्यांचं त्यांना सापडलं पाहिजे.”

आनंदीबाईंनी ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला होता, तेव्हा आकड्यांची पद्धत शिकल्या होत्या. वापरायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी फळ्यावर ६३४ लिहिलं.

“हा पत्ता आहे. सहाशे हे गाव. माणूस हाताने, अवजाराने जे काही करतो त्याचं गाव. त्यातली तिसावी वाडी शेतीची. आणि त्या वाडीतलं चौथं घर फळझाडांचं. पुस्तक कोणी दिलं ते विचारायचं नाही. ते कशाबद्दल आहे ते विचारायचं.”

“म्हणजे आंबो नि काजू एका घरात?” तन्वीने विचारलं.

“एका घरात.”

“मगे भांडणां होतली,” देवेश म्हणाला. “आमच्या घरात दोन काकी आसत, तर चुली तीन.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुढचा आकडा लिहिला.

मुलांना ते आवडलं. साप पाचशेच्या, निसर्गाच्या गावात एकत्र आले. मंडळाच्या कपाटातले किल्ले पोस्टमास्तरांच्या किल्ल्यांना जाऊन भिडले. सुदेश सर दारातून डोकावून म्हणाले, “मे महिन्यात मी रजेवर जाणार, मंडळाला तुम्हीच तोंड द्या.” पाठीवर चिठ्ठ्या चिकटवताना मुलींनी आकड्यांची फुगडीच केली. किशोरी आणि तन्वी टेबलामागच्या मोकळ्या जागेत हात धरून फिरायला लागल्या.

सहाशे गावचो वाटसरू,
तिसाव्या वाडीत काय करू?
चौथ्या घरात आंबो-काजू,
दार उघड गो, नको लाजू!

शेवटच्या ओळीला ज्याचा आकडा आला असेल त्याने कप्प्याकडे धाव घ्यायची असा खेळ ठरला. किशोरी धावली. सहाशे चौतीसची चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

“हंय कायच नाय.”

“कसा नाय? सगळी कपाटां उघडली मा?” देवेश म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला.

कोणी खिडकीकडे बघितलं नाही. सगळे जिकडेतिकडे बघत होते, कोणी पंख्याकडे, कोणी आपल्या चपलांकडे. तेव्हा आनंदीबाईंच्या लक्षात आलं की इतके दिवस मुलांनी एक कपाट सोडूनच सगळं केलं होतं. झाडू मारतानासुद्धा तेवढ्या फरशीला मुलं वळसा घालून जात होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“तुला कशावरचं हवं होतं?” बाईंनी किशोरीला विचारलं.

“नको बाई. माका कांदळवनाचाच चलात.”

“विचारलं ते सांग.”

किशोरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “बाबांनी काजी लावल्यानी हत. मोहोर इलो नि करपता. दुकानवालो सांगता ता औषध मारतत, तरी करपता. ढेकण्यो किडो पडलोहा म्हणतत. तो कसो दिसता, कधी येता, ता बघूक होया होता. पण ऱ्हवांदे.”

तिचे वडील बाबली. डोंगरउतारावर त्यांची काजूची झाडं. विश्राम जिवंत असताना सुट्टीच्या दिवशी कितीदा तिकडे जायचा.

घंटा झाली. मुलं आवाज न करता गेली.

संध्याकाळी माई पेज निवत ठेवून बसली होती. आनंदीने चप्पल काढली, पाय धुतले, आणि तशीच दारात उभी राहून सांगितलं. शाळेतली पुस्तकं विषयाप्रमाणे लावतायत. त्याचीही लावावी लागतील.

“लावची म्हणजे?”

“बाकीच्यांत मिसळायची. आंब्याची आंब्यात, मातीची मातीत.”

माईने पळी खाली ठेवली. “मगे तो खंय रवतलो?”

आनंदीने चपला भिंतीशी सरळ लावल्या.

“पाटावरसून उठवल्यात, खाटेवरसून उठवल्यात. कपडे वाटून टाकल्यात. एक कपाट रवला. आता ताय फोडतलंस?”

“बाबलीचा मोहोर करपतोय, माई.”

“माका बाबलीचा सांगू नको. तू रडूकय नाय त्येच्यासाठी.”

हे माई पहिल्यांदाच बोलली. बोलल्यावर तिलाच ते लागलं असावं, कारण तिने लगेच ताटात लोणचं वाढलं, नेहमीपेक्षा जास्त. आनंदी जेवली. लोणचं आंबट आहे एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने कपाट उघडलं. किल्ली नेहमीसारखी फिरली. मुलं दारात थबकली.

“या. आकडे शोधायचे आहेत.”

मुलं आत आली. पुस्तकं दोन्ही हातांनी काढत होती, देवळातून नारळ आणावा तशी. देवेशसुद्धा. एखादा जुना फोटो बाहेर पडेल, एखादी चिठ्ठी पडेल, असं मुलांना वाटत होतं बहुतेक. ती प्रत्येक पुस्तक हलकेच उघडून बघत होती. काही पडलं नाही. माती पाचशेत आणि सहाशेत दोन ठिकाणी गेली. माशांचं एक पुस्तक निघालं, ते पार दुसऱ्या भिंतीला. दुपारपर्यंत कपाट रिकामं झालं. आनंदीने त्यात शब्दकोश आणि नकाशे लावून टाकले. दारावरचं नाव तसंच राहिलं.

शनिवारी माई आली. तिने कपाटाकडे बघितलं. दार उघडं होतं. आत जाडजूड, अनोळखी पुस्तकं होती.

“हेच्यात त्येचा काय आसा?”

“काही नाही,” आनंदी म्हणाली.

माई उभीच राहिली. मुलांनी वह्यांत डोकी घातली. भिंतीकडच्या टेबलावर किशोरी एक पुस्तक उघडून बसली होती. घरी न्यायचं होतं, पण बाबांना नीट सांगता यावं म्हणून आधी एका कागदावर उतरवून घेत होती. माई तिच्याजवळ गेली. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर काजूचं चित्र होतं, त्याचा कोपरा उंदराने कुरतडलेला. तो कोपरा माईने ओळखला.

“तू बाबलीचा मा गो?”

“होय, आजी.” किशोरी उठून उभी राहिली. पुस्तक मिटून पुढे केलं. “घेवा. मी आकड्यात शोधलंय. परत थंयच ठेवतंय.”

माईला वाचता येत नव्हतं. तिने पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं, आणि परत दिलं.

“काय लिवलाहा त्यात?”

किशोरीने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली.

“‘कोवळी पालवी फुटते तेव्हाच बागेवर लक्ष ठेवावे. मोहोर करपल्यावर केलेल्या फवारणीचा उपयोग कमी होतो.’” किशोरी बोट ठेवून वाचत होती. “म्हणजे आमी उशिरा मारूक लागलो, आजी.”

“ह्या तो सांगी,” माई म्हणाली. “जेवताना सांगी. कोण आयकता? मी म्हणी, जेव आधी.”

बाहेर सायकली निघाल्या, शाळा सुटली होती. देवेशने दप्तर उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

माईने खुर्ची ओढली, कपाटाकडे पाठ करून बसली.

“वाच फुडे,” ती किशोरीला म्हणाली. “सावकाश वाच. तुझ्या बापाशीक सगळा सांगूक होया.”

किशोरी वाचायला लागली. आनंदीला वाटलं, आता काहीतरी वाटेल. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग ग्रंथालय बंद करायची वेळ झाली होती तरी ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली, आणि किशोरीच्या कागदावर राहून गेलेली एक ओळ तिने लिहून दिली.