डाव्या हाताची धर्मशाळा

सुनीतीबाईंचे पाय दुसऱ्याच दिवशी बोलायला लागले. पंचक्रोशी म्हणजे साऱ्या काशीला पायी घातलेली प्रदक्षिणा. मणिकर्णिकेवर संकल्प सोडायचा, मुक्काम करत करत शहराला आणि आसपासच्या खेड्यांना वळसा घालायचा आणि परत मणिकर्णिकेवर यायचं, तेही अनवाणी. त्यात यंदा अधिक महिना आला तो नेमका ज्येष्ठात. डांबर एवढं तापायचं की वर पोळी टाकली असती तर फुगली असती. ही हौस सुनीतीबाईंची नव्हती. गेल्या वर्षी रत्नाकररावांना हृदयविकाराचा झटका आला, यातून उठलो तर पंचक्रोशी करीन असं ते बोलून बसले, आणि उठले. नवस त्यांचा, पाय दोघांचे.

आणि चालायचं तरी कसं, तर दोघांनी रस्त्याच्या दोन कडांनी. कारण हा रस्ता म्हणजेच काशीची हद्द. उजव्या हाताला काशी, डाव्या हाताला बाकीचं जग. म्हणून वाटेवरची देवळं सगळी उजवीकडे आणि धर्मशाळा डावीकडे. खाणं, झोपणं आणि बाकीचे देहधर्म यात्रेकरूंनी क्षेत्राबाहेर उरकावेत, ही जुन्या लोकांनी लावून दिलेली व्यवस्था. इतर यात्रेकरू रात्री सरळ धर्मशाळेत जाऊन आडवे होत. पण रत्नाकररावांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, एवढंच त्यांचं व्रत. ते देवळाच्या ओसरीवर झोपत. डावीकडे पाऊल टाकायचं नाही आणि उजवीकडे घाण करायची नाही, मग सकाळी त्यांची सोय कशी होत होती हे सुनीतीबाईंनी विचारलं नाही. संसारात काही गोष्टी त्यांनी मुद्दामच विचारल्या नव्हत्या.

स्वयंपाक धर्मशाळेत. म्हणजे दिवसभर चालून आल्यावर चूल पेटवायची, खिचडी टाकायची आणि ताट झाकून, वाळूचे ट्रॅक्टर आणि ट्रक चुकवत रस्ता ओलांडून नवऱ्यापुढे ठेवायचं. मग रिकामं ताट घेऊन परत. मग गोळ्या विसरल्या म्हणून पुन्हा एकदा. कंदव्याच्या मुक्कामाला एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली तेव्हा सुनीतीबाई ताट छातीशी धरून जागीच उभ्या राहिल्या. ओसरीवरून रत्नाकरराव ओरडले, "अगं, जपून!" एवढं मात्र ते काशीतून करू शकत होते.

तशी ही कसरत त्यांना नवी नव्हती. व्रत घेतल्यापासून लग्नं, बारशी, मयती, सगळीकडे त्या एकट्या गेल्या. इंदूरला आई गेली तेव्हाही एकट्याच गेल्या आणि तेराव्याला एकट्याच परत आल्या. "यांचं कसं आहे," असं कोणी विचारलं की त्या "बरं आहे" म्हणत. रागवायच्या त्या पूर्वी. आता रागालाही ताकद लागते आणि ती उरली नव्हती.

पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. मुक्ता, त्यांची एकुलती लेक, नागपूरला होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिला दिवस राहिले होते आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. जावई फिरतीच्या नोकरीवर. "आई, तू येशील ना?" मुक्ता रोज फोनवर विचारायची. सुनीतीबाईंना जायचं होतं. पण झटका येऊन गेलेला, स्वतःचा चहासुद्धा न करता येणारा माणूस ब्रह्मा घाटावरच्या घरात महिनोन् महिने कुणाच्या भरवशावर टाकायचा? घरी विषय काढला की रत्नाकरराव नेमके सोवळ्यात असत. वाटेत तरी पळून कुठे जातील, म्हणून सुनीतीबाईंनी भीमचंडीच्या मुक्कामाला ताट ठेवता ठेवता बोलून टाकलं.

"मुक्ताकडे जाऊ या. दोघं."

"तू जा," घास न थांबवता रत्नाकरराव म्हणाले.

"आणि तुमचं?"

"माझं विश्वनाथ बघेल."

"विश्वनाथ गोळ्या काढून देणार आहे?"

रत्नाकररावांनी घास खाली ठेवला. "सुनीती, तुला ठाऊक आहे. बाबांचं काय झालं ते ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. त्यांचे वडील काशीत मरण यावं म्हणून सातारा सोडून इथे येऊन राहिले आणि पुतण्याच्या लग्नाहून परतताना मोगलसरायच्या फलाटावर गेले. गंगेच्या अलीकडे. पूल ओलांडायचा तेवढा राहिला होता. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती की सुनीतीबाईंना तो फलाट पाठ झाला होता. जेवण झाल्यावर त्यांनी रिकामं ताट उचललं आणि ट्रॅक्टर जायची वाट बघत उभ्या राहिल्या.

पुढच्या मुक्कामाला, रामेश्वरला, पोचेपर्यंत त्यांच्या तळव्यांचे फोड फुटले होते आणि डोकं भणभणत होतं. धर्मशाळेत शिरल्या, चुलीपाशी टेकल्या आणि तिथेच कलंडल्या. धर्मशाळा सांभाळणारी कालिंदी धावत आली. तिनं त्यांना दारापाशी वारा येतो तिथल्या खाटेवर निजवलं. दारातून समोर रस्ता दिसत होता आणि पलीकडच्या ओसरीवर ताटाची वाट बघत बसलेले रत्नाकरराव.

कालिंदी दारातूनच ओरडली, "बाबूजी! माताजी को तेज बुखार है. उठ नहीं रहीं. आ जाइए!"

रत्नाकरराव उभे राहिले. ओसरीच्या पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला आले आणि थांबले. त्यांनी एक पाय डांबरावर ठेवला आणि मागे घेतला. इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा पाय ठेवला आणि पुन्हा मागे घेतला.

सुनीतीबाईंनी डोळे मिटले. नाही येणार ते, हे त्यांना दिसलं होतं, पुढचं बघायची इच्छा नव्हती. आता ते कालिंदीला हाक मारतील, गोळी तिच्या हाती देतील, पाण्याची पट्टी ठेव म्हणतील. आयुष्यभर चालले त्या माणसाच्या मागे, आणि माझ्यासाठी त्याला एक रस्ता ओलांडवत नाही. एवढं मनात आलं आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं.

कपाळावर हात पडला. तो कालिंदीचा नव्हता.

"अहो," सुनीतीबाई धडपडून उठायला लागल्या, "हे काय केलंत?"

"पडून राहा."

रत्नाकररावांना दम लागला होता. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मांडीचा आधार देऊन बायकोला गोळी दिली, कालिंदीकडून पाणी घेतलं आणि स्वतःचं उपरणं भिजवून बायकोचे तळवे पुसायला बसले. सुनीतीबाईंना आता वेगळीच भीती वाटायला लागली. इतकी वर्षं त्या ज्या गोष्टीला मनातल्या मनात हसत आल्या, ती एकदम खरी झाली. या माणसाला इथेच काही झालं तर? रस्त्याच्या या बाजूला?

"तुम्ही पलीकडे जा," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटतंय. जा म्हणते ना."

"बाबा गेले तेव्हा जवळ कोणी नव्हतं," रत्नाकरराव तळव्याकडे बघत म्हणाले. "आई पाणी आणायला नळावर गेली होती. गर्दीत तिला परत यायला वेळ लागला. मी सगळ्यांना एवढंच सांगत आलो, की काशी राहिली."

त्यांनी उपरणं पिळलं आणि दुसरा पाय हातात घेतला. त्या रात्री ते खाटेला टेकूनच बसून राहिले. त्यांना डुलकी लागली की सुनीतीबाई तापातही त्यांच्या छातीचा भाता हलतोय ना, एवढंच बघत राहायच्या.

ताप उतरल्यावर ते पुढे निघाले. रत्नाकरराव पुन्हा उजव्या कडेनं, सुनीतीबाई डाव्या. शिवपूर, कपिलधारा. शेवटच्या टप्प्यात वाटेवर जव टाकत जायचे असतात, तेही दोघांनी मुकाट्यानं टाकले. रामेश्वरचं कोणी काढलं नाही. सुनीतीबाईंनी नागपूरचंही काढलं नाही. आपल्यासाठी नवऱ्यानं जे मोडलं ते दामदुपटीनं वसूल करायचं, हे त्यांना बरं दिसेना. मुक्ताला नाही म्हणून सांगावं लागेल, हे मनाशी धरून त्या लंगडत चालत होत्या. काय शब्दांत सांगावं ते मात्र सुचत नव्हतं.

मणिकर्णिकेवर संकल्प पुरा झाला. मग रीतीप्रमाणे साक्षीविनायकाला जायचं. गल्लीतल्या या गणपतीपुढे उभं राहून, माझी यात्रा पुरी झाली, तू साक्षी आहेस, असं सांगितल्याशिवाय पंचक्रोशी रुजू होत नाही. मणिकर्णिकेवर येऊन मिळालेला पुतण्या यज्ञेश बरोबर होता, घरचाच पुरोहित.

रत्नाकररावांनी हात जोडले. "यात्रा पुरी झाली," ते मोठ्यानं म्हणाले. "पण रामेश्वरला मी हद्द ओलांडली. रात्रभर बाहेर होतो. कळून सवरून होतो. याचीही साक्ष ठेव."

फुलवाला वळून बघायला लागला. यज्ञेशनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "काका, मनाला लावून घेऊ नका. आजारपणात एवढं चालतं. उद्या सकाळी प्रायश्चित्त करून टाकू, नव्यानं क्षेत्रसंन्यास घ्या. घंटाभराचं काम."

"उद्या नको," रत्नाकरराव म्हणाले. "परत आल्यावर घेईन."

"परत? कहाँ से?"

 रत्नाकरराव खाली वाकले आणि पायाची बोटं उगीचच चोळत राहिले. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "मुक्ता कितव्या मजल्यावर राहते गं?"

सुनीतीबाई भिंतीकडे सरकल्या. गल्लीतून कोणाची तरी मोटारसायकल हॉर्न वाजवत चालली होती.

"तिसऱ्या," ती गेल्यावर त्या म्हणाल्या. "पण लिफ्ट आहे."