पदरमोड

मी एक पट्टी बोलतेय. दप्तरात कोंबायची पट्टी नाही हं! मी धातूची, केसाहून बारीक आणि सदा थरथरणारी. माझ्या शेजारी एक सूक्ष्म कण असतो. माझ्या थरथरण्यावरून त्याची जागा कळते. थोडक्यात, मी मापक आहे आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

मला घडवलं संशोधन करणाऱ्या एका ताईने. घडताना मी कितीदा तुटले, पण तिने हात टेकले नाहीत. शेवटी तिने मला हवा काढलेल्या, कमालीच्या थंड डब्यात बसवलं.

माझा शेजारी तसा आळशी. सगळ्यात कमी ऊर्जेत पडून असायचा. पण मी त्याला मोजलं की नंतर त्याच्याकडे ऊर्जा वाढलेली सापडायची. ताई चक्रावली. तिचे सर तर वैतागलेच.

"ऊर्जा काय आभाळातून पडली? तुझी पट्टी खराब आहे, काढून टाक ती. हे असले आकडे घेऊन प्रबंध पुढे जाणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मी भंगारात, आणि ताईची सगळी वर्षं पाण्यात. अहो, मोजण्याआधी या कणाची नेमकी जागा ठरलेलीच नसते. ती ठरवायला लावणं फुकट होत नाही. पण माझं ऐकतो कोण?

ताई डोकं धरून बसली होती. एकदम म्हणाली, "आपण सारखं त्यालाच विचारतोय. हिला कुणी विचारलंच नाही!"

मग तिने मोजणीच्या आधीची आणि नंतरची माझी थरथर, म्हणजेच माझी ऊर्जा, तपासली. त्यासाठी माझ्यावर प्रकाशाचा किरण सोडला, त्याचाही हिशेब वेगळा ठेवला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. सरासरीने कणाकडे जेवढी ऊर्जा वाढत होती, तेवढीच माझी घटत होती.

"सर, आभाळातून काही पडलं नाही. हिने पदरमोड केलीय."

सरांनी सगळे आकडे स्वतः पडताळले. "अगं, मापक पदरचं घालतो हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. आणि इथे हिलाच बिघडलेली ठरवून मोकळा झालो! पाठव तुझा प्रबंध."

मी अजून त्याच डब्यात आहे. हल्ली प्रत्येक मोजणीआधी ताई हलकासा धक्का देऊन माझी घटलेली थरथर भरून काढते. आधी मला देते, मग माझ्याकडे मागते. मोजणाऱ्यांनो, तुम्हीही तेवढं कराल ना?