जगदेवव्वाचं दुकान लुटलं तेव्हा

भवानी पेठेत जगदेवव्वाचं ज्वारीचं दुकान लुटलं गेलं, ही बातमी जगदेवव्वालाच सगळ्यात शेवटी कळली.

सकाळी ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. सून दाक्षायणी पेपर घेऊन बाहेर आली. "अव्वा, आपल्या दुकानाचं आलंय बघा," म्हणाली आणि वाचू लागली: "‘संपकऱ्यांच्या बायकांचा धुडगूस. दुकानावर झडप. वृद्ध मालकीण भेदरून कोपऱ्यात. टोळीची म्होरकी तानाबाई मुद्देमालासह अटकेत.’"

"भेदरून कोण?"

"तुमी, अव्वा."

"आगं, सासऱ्याला भेदरले न्हाय मी, आन् तानीला भेदरंन?"

खरं काय ते सगळ्या आळीनं पाहिलं होतं. संपानं गिरण्या बंद पडून महिना झालेला, चुली थंड. जगदेवव्वानंच बायकांना बोलावणं धाडलं आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीची पोती फोडली. घरच्या रीतीनं माप पडलं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. घेणारीनं जाताना एक मूठ सुपात परत टाकायची, देणाऱ्याचं घर रितं होऊ नये म्हणून. तानाबाईसकट एकतीस बायका आल्या, एकतीस मुठी पडल्या. ते सूप देवापुढं अजून तसंच होतं, सोमवारी सिद्धरामाच्या देवळात न्यायचं म्हणून.

"महादेवप्पा!" तिनं लेकाला हाक मारली. तो खाली मान घालून आला तेव्हाच तिनं ओळखलं. "पेपरवाल्याशी कोण बोललं रं?"

"त्योच आला हुता, अव्वा. म्हनला, संपवाल्यास्नी धान्य कोण देतंय, गिरणीचे शेटजी इचारत्यात. गिरणीला धान्य आपल्याच दुकानातनं जातंय की. मग मी म्हनलो, गर्दी करत्यात बायका, काय करावं मानसानं. लूट म्हनलो न्हाय मी."

"लूट न्हाय, आसं बी म्हनला न्हाईस."

महादेवप्पा आत जायला वळला.

"मी दिलं, त्याची यांनी चोरी केली. माझ्या हातचं दान गेलं, वर भीती माझ्या गळ्यात घातली. दुकान खरंच लुटलंय, आन् लुटणारा घरात जेवतोय. ते सूप उचल. डोक्यावर घे."

चाळिशीचा, तांबड्या फेट्याचा बाप्या डोक्यावर सूप घेऊन पेठेतून निघाला आणि पुढं त्याची आई. समोरचा कापडवाला रुद्रप्पा ओरडला, "काय महादेवप्पा, नवस बोललासा का?"

"व्हय रुद्रप्पा," जगदेवव्वा म्हणाली, "खरं बोलायचा. लई दिसाचा फेडायचा ऱ्हायलाय."

चौकीत फौजदाराच्या टेबलावर तोच पेपर पडलेला. "आजीबाई, काळजी सोडा. आता ती बाई तुमच्या दाराशी येणार नाही."

"तिनं यावं म्हणूनच आलेय. मला कुणी लुटलं न्हाय."

"पेपरात सविस्तर आलं आहे."

"पेपर लुटला का दुकान लुटलं? दुकानाची मालकीण मी. मला इचारलं कुणी?"

"माणूस धसक्यानं नाकबूल होतो, आजीबाई."

जगदेवव्वानं लेकाच्या डोक्यावरचं सूप उतरवलं आणि नेमकं पेपरावर ठेवलं. "एकतीस मुठी हायत. चोर जाताना घरधन्याच्या सुपात मूठ टाकून जातोय, आसं तुमच्या नोकरीत कवा बघितलंय का, साहेब?"

दाराशी उभा हवालदार मिशीत हसला. फौजदारानं नजर महादेवप्पाकडं वळवली. "तुम्ही काय म्हणता?"

जगदेवव्वानं लेकाकडं पाहिलंही नाही. पदर सारखा करत ती भिंतीकडं बघत राहिली. तिच्याकडं हजार उत्तरं होती, पण त्याचं तोंड त्यानंच उघडायचं होतं. नाही उघडलं, तर तानाबाई कोठडीत राहणार होती आणि घराण्याचं नाव त्या पेपरात.

महादेवप्पा टेबलापुढं आला. "आमच्या अव्वानं बोलावून दिली ज्वारी. मापं मीच टाकत हुतो. भेदरलो ते मी, साहेब. शेटजीला भेदरलो."

तानाबाईला बाहेर सोडलं तेव्हा तिला रडू फुटलं. "अव्वा, माझ्यापायी तुमी चौकीची पायरी..."

"रडू नगंस. ज्वारीचं बोचकं नीट बघून घे. हितले उंदीर लई तगडे असत्यात."

पुढच्या आठवड्यात पेपरात, अगदी तळाला, तेलाच्या जाहिरातीखाली दोन ओळी आल्या: ‘वार्धक्यामुळे मालकिणीच्या जबाबात विसंगती.’ दाक्षायणीनं दबक्या आवाजात वाचलं.

"मोठ्यानं वाच की. आपुन काय चोरी केलीय?" म्हणत जगदेवव्वानं पान मागून घेतलं आणि त्यात निवडलेल्या तुरीतले खडे गोळा करायला लागली.

गिरणीची गिऱ्हाइकी तुटली होतीच. दारात मात्र पन्नासएक बायका उभ्या होत्या आणि कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानाशी तो पेपरवालाही टिपणवही घेऊन उभा होता. महादेवप्पा कुणी न सांगता ओट्यावर आला. पेपरवाल्याकडं बघत बघत त्यानं तानाबाईच्या ओटीत पहिलं माप ओतलं आणि कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "लाभ!"

जगदेवव्वानं मान वर केली नाही. पण शेजारणीनं सांगितलं, म्हातारी तेव्हा गालात हसत होती.

"शीग लावून भर रं, मापावर ढीग चढू दे," ती म्हणाली. "लिवणाऱ्याला लांबनं दिसाय पायजे."