बुंदीसाठी गारवा

बुंदीला पहिली शिंक आली, तेव्हा निवृत्तीनं एसी आणखी गार केला.

माणूस शिंकलं तर पंखा बंद करतात, एवढं त्यालाही कळत होतं. पण बुंदी काही माणूस नव्हती, आणि तसं बघितलं तर माणसांबद्दलही त्याला फारसं कळायचं नाही. त्याला कळायची द्राक्षं.

ओझरच्या पुढं, हायवेला, एका व्यापाऱ्याच्या कोल्ड स्टोरेजवर त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. बागेतून माल आला की आधी त्यातलं ऊन काढायचं, मग पेट्या गार खोलीत रचायच्या आणि कंटेनर लागेपर्यंत त्या खोलीची राखण करायची. तिथला कायदा एकच. गारवा मोडू द्यायचा नाही. गारवा मोडला की मण्याला घाम फुटतो, घाम फुटला की बुरशी धरते. लाइट गेली की जनरेटरकडं बाकीचे पळायचे, निवृत्ती दाराकडं. "दार लावा रे! आत कोण राह्यलं असंल तर राहू द्या, दार उघडायचं नाय!" हमाल हसायचे. पण त्याच्या हाताखाली माल कधी नासला नाही, हे मालकही कबूल करायचा.

रिटायर झाल्यावर तो नाशिक रोडला, जेल रोडच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन बसला, आणि बायकोच्या पायात पायात करू लागला. कुसुमला त्याची सवय नव्हती. तिला सवय मांजरीची. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके, दुधात बुंदी सांडावी तसे, म्हणून ती बुंदी. कुसुम भाकरी थापताना बुंदी तिच्या मांडीला टेकून बसायची आणि निवृत्ती आत आला की उठून जायची. "तुमच्या अंगाला थंडीचा वास येतो," कुसुम म्हणायची. थंडीला वास असतो का, असं तो विचारायचा. "तुमच्याच अंगाला असतो," ती म्हणायची.

मग एका चैत्रात, भर उन्हाळ्यात, कुसुम गेली. शेवटचे दोन दिवस तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. तिचं ते उघडं तोंड निवृत्तीच्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुढचा उन्हाळा त्याहून कडक निघाला. एका दुपारी बुंदी फरशीवर आडवी पडून, जीभ बाहेर काढून, कुत्र्यासारखी धापा टाकताना त्याला दिसली. तोंड उघडं. निवृत्ती तसाच चपला घालून बाहेर पडला आणि एसी सांगून आला.

बसवायला आलेली माणसं गेल्यावर खरं काम त्यानं स्वतः केलं. खिडकीच्या फटी लांबी लिंपून बुजवल्या. वर चिकटपट्टी मारली. दाराला खालून रबराची पट्टी ठोकली, अगदी कोल्ड स्टोरेजवर असायची तशी. आत कुसुमची गोधडी, एक वाटी पाणी, एक वाटी दूध-पोळी, मातीचं घमेलं. बुंदी आत, दार बंद.

शेजारच्या वावरात झेंडू लावणारी साळूबाई बांधावरून हे सगळं बघत होती. "निवृत्तीभाऊ, मांजरीला एक्सपोर्ट करता का काय?"

"टिकली पायजे, साळूबाई."

"टिकायला ती काय थॉमसनचा घड हाय?"

लेक दीपमाला ओझरला दिलेली. जावई विमानाच्या कारखान्यात. तिनं फोनवर वेगळाच सूर लावला. "नाना, आई कूलर कूलर करत गेली. तेव्हा म्हणालात, कूलरनं सांधे धरतात. आणि आता मांजरीला एसी?"

निवृत्तीनं फोन ठेवला. कुसुमच्या साड्या दीपमालेनं नेल्या होत्या, भांडी माळ्यावर गेली होती. तिचा हात लागलेलं, हलणारं-चालणारं असं घरात हे एकच जनावर उरलं होतं. तेही गेलं तर संध्याकाळी दिवा लावायचा कुणासाठी, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दिवसातून चारदा हळूच दार किलकिलं करून आत शिरायचा, चटकन लावून घ्यायचा आणि गोधडीच्या कडेला बसायचा. आणि बुंदी, जी जन्मात त्याच्याजवळ आली नव्हती, ती गारठून त्याच्या मांडीत शिरायची. त्याला वाटायचं, लळा लागला.

शिंका थांबल्या नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकट पाणी यायला लागलं, नाकपुड्यांवर खपली धरली. दुधाला ती तोंड लावीना. लावणार कशी, वास आल्याशिवाय मांजर खात नाही आणि नाक तर चोंदलेलं. पाण्याची वाटी सकाळी भरावी ती संध्याकाळी तेवढीच. याचा मात्र निवृत्तीला आनंद झाला. पाणी पीत नाही म्हणजे तहान नाही. तहान नाही म्हणजे ऊन बाधत नाही. हिशेब बरोबर होता. फक्त तो पेटीचा होता.

वैशाखात दीपमालेच्या मुलाचं जावळ निघालं. आजोबांना जाणं भागच. निवृत्तीनं किल्ली साळूबाईच्या हातात दिली.

"लाइट गेली तर काय करायचं?" त्यानं परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

"काय करायचं? हवा येऊ द्यायची."

"तेच नाय! लाइट गेली का दार उघडायचं नाय. बंद खोलीत गारवा टिकतो. दार उघडलं का गेला. कायबी होऊ दे, उघडू नका."

"ओरडली तर?"

"ओरडंल. नवीन मालबी सुरुवातीला कुरकुर करतो."

साळूबाईनं कपाळावर हात मारला, पण किल्ली कनवटीला लावली.

ओझरला पुरणपोळी झाली, नातवाचं डोकं गुळगुळीत झालं. दुपारी पंखे बंद पडले आणि जावई म्हणाला, "आज नाशिक रोडलाही मोठं लोडशेडिंग आहे म्हणे." निवृत्तीनं हातातला घास परत ताटात ठेवला. पण मग त्याला दाराची रबरपट्टी आठवली आणि बरं वाटलं. त्यानं आणखी अर्धी पोळी घेतली.

उन्हं कलताना तो घरी पोचला. साळूबाई त्याच्या पायरीवर बसली होती. समोर सुपात झेंडू, पण हातात सुई-दोरा नव्हता. लाइट अजून आलीच नव्हती.

"आधी लय ओरडली," ती म्हणाली. "मग दार खरवडलं. मग गप झाली."

पश्चिमेची भिंत, वर उघडा स्लॅब. दार उघडलं तेव्हा आतली हवा भट्टीसारखी तोंडावर आली. गारवा कधीच गेला होता. आत राहिली होती ती नुसती बंद खोली. बुंदी दाराशीच आडवी होती, नाक उंबऱ्याला लावून. खालची रबरपट्टी एका कोपऱ्यात कुरतडून काढलेली, आणि त्या बोटभर फटीशी तिचं तोंड. उघडं.

"उघडलं का नाय?" निवृत्ती ओरडला. "किल्ली होती ना तुमच्याकडं!"

"व्हती. आन तुमचा शब्दबी व्हता." साळूबाईचा आवाज फाटला. "चारदा किल्ली काढली न् ठिवली. दुसऱ्याचं जित्राब, दुसऱ्याचं दार. आता मलाच इचारता व्हय?"

त्यानं बुंदीला उचललं. एवढीशी लागली हाताला. गोधडीत गुंडाळून, रिक्षानं, तो जनावरांच्या दवाखान्यात गेला. तिथं बाहेर दोन म्हशी आणि एक लंगडी शेळी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बुंदीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, जागेवर जाईना.

"पाणी सुकलंय हिच्यातलं," बाई म्हणाल्या. "आजचं नाही, खूप दिवसांचं. कुठं असते ही?"

त्यानं सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सुरुवात केली होती. सांगता सांगता आवाज खाली गेला.

"एसी वाईट नसतो, बाबा. उन्हाळ्यात थोडा वेळ, बेताचा, आणि बाहेर जायला दार उघडं, तर मांजर मजेत राहतं. पण दिवसरात्र कोरड्या गारव्यात नाक-घसा वाळतो. जुनी सर्दी असली की उसळते. जाळी धुतली होती का कधी?"

"कसली जाळी?"

"एसीची. तिचेच केस आणि धूळ साठून तीच हवा ती घेत असणार." बाई सुई भरत होत्या. "गारव्यात तहान लागत नाही. मांजरं आधीच पाणी कमी पितात. म्हातारी आहे, किडनी आधीच थकलेली असणार. त्यावर आजचं हे."

निवृत्ती खाली बघत राहिला. कोरड्या गारव्यात देठ वाळतो, हे त्याला माहीत होतं. आयुष्यभर माहीत होतं. देठ हिरवा राहावा म्हणून तो स्वतः बादलीनं खोलीभर पाणी मारायचा. घडाची काळजी त्यानं अशी घेतली, आणि हिच्या नाकाशी हात लावून बघितला नाही.

"वाचंल का?"

"आज वाचेल," बाई म्हणाल्या. "पुढं किती, ते नाही सांगता येत. पातळ, कोमट खायला द्या. मोकळं राहू द्या. आणि सलाईन लावायला एक दिवसाआड आणा."

बुंदी त्या दिवशी वाचली. तिसऱ्या दिवशी मान उचलून तिनं कोमट पेज चाटली. निवृत्तीनं एसीची वायर काढून ठेवली, खिडकीची लांबी खरवडली आणि दोन्ही दारं सताड उघडी टाकली. त्याला वाटलं, आता बसेल कुठंतरी, पायरीशी, ओट्याशी. बुंदी हळूहळू चालत उंबऱ्यापर्यंत आली. मागं बघितलं नाही. वावराचा बांध ओलांडून साळूबाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि झेंडूच्या ओल्या गोणपाटावर अंग टाकून पडली.

त्यानं दोनदा उचलून आणली. दोन्ही वेळा ती गेली. दुसऱ्या वेळी त्याच्या हाताला ओरखडा काढून.

"राहू द्या की हितं," साळूबाई म्हणाली. "मी काय तिला बाजारात इकनार हाय?"

आता रोज दुपारी तो पेजेची वाटी घेऊन शेडमध्ये येतो. वरचा पत्रा तापलेला असतो, सदरा अंगाला चिकटतो. त्याच्यासाठी साळूबाईनं एक रिकामं क्रेट पालथं घालून ठेवलंय. तो त्यावर बसतो. बुंदी दिवसेंदिवस लहान होत चाललीय, ठिपके तेवढे मोठे दिसतात.

"घरी एवढा एसी असून हितं काय भाजून घेता?" साळूबाई हार ओवता ओवता विचारते. "माझ्यासाठी येता म्हनावं तर तसंबी नाय."

"ती हितं हाय ना," तो म्हणतो.

"तुमच्याकडं बघती तरी का?"

"नाय."

"मग?"

निवृत्ती वाटी पुढं सरकवतो. बुंदी उठते, दोन घोट चाटते, त्याच्या बोटांपाशी नाक नेते आणि थांबते. मग वळून, परत गोणपाटावर जाऊन, त्याच्याकडं पाठ करून निजते. श्वासानं पोट हलतंय का, ते इतक्या लांबून नीट दिसत नाही. तो डोळ्यांवरचा घाम पुसतो, जरा पुढं वाकतो आणि बघत राहतो.