भिंगरीचं अस्वल

मी एक हसवणारं पुस्तक बोलतोय. अंगाने काडीपैलवान, पाठीत दोन पिना, पानोपानी टपोरी अक्षरं आणि एक गोल गरगरीत अस्वल. ज्यांना नुकतं कुठे अक्षर लागायला लागलंय, अशा पोरांसाठी मला काढलं. त्यांनी हसता हसता वाचायला शिकावं, एवढंच माझं काम. ते मी बरं करतो, असं म्हणतात. पण ते हसू माझ्यात आलं कुठून, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मला लिहिणारी बाई मुलांसाठी गोष्टी लिहिते. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला ती लिहायची आणि दुसऱ्या टोकाला तिची लेक धडा वाचायची. पोरगी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. वाचायला बसली की मात्र भिंगरीचा दगड व्हायचा. घ आणि ध, भ आणि म ही अक्षरं तिच्यापुढे एकमेकांचे कपडे घालून यायची. स्वतःचं नाव ती 'मिंगरी' असं लिहायची.

त्या दिवसांत आईचं डोकं आटलं होतं. प्रकाशक फोन करून विचारायचे, काही विनोदी देताय ना? आई हो म्हणायची आणि कोऱ्या कागदाकडे बघत बसायची. अशात एका सकाळी भिंगरीने धड्यातलं 'पाणी भरा' हे 'पाणी मरा' असं वाचलं. आई फसकन हसली. ती का हसते ते न कळताच भिंगरीही हसली. आणि आईने पेन उचललं.

बघता बघता मी तयार झालो. गावात एक अस्वल येतं. नळावर पाटी असते 'पाणी भरा'. अस्वल वाचतं 'पाणी मरा', आणि बादलीला मिठी मारून भोकाड पसरतं, "पाण्या, मरू नकोस रे!" दारावर लिहिलेलं असतं 'घर'. ते वाचतं 'धर', आणि चौकट धरून बसतं ते सोडतच नाही. शेवटच्या पानावर सगळं गाव पोट धरून हसतं आणि अस्वल पुढची पाटी चुकीची वाचत निघून जातं. त्याला शेवटी वाचता यावं की नाही, याचा आईने थोडा विचार केला होता. मग न येण्यातच जास्त गंमत आहे, असं तिला वाटलं.

छापखान्यातून मी घरी आलो तेव्हा अंगाला शाईचा वास होता. आईने सगळ्यात आधी मला भिंगरीलाच वाचून दाखवलं. ती हसून गडाबडा लोळली. तिला ते नुसतं अस्वलच वाटलं. आईच्या मनात काहीतरी टोचलं, पण पोरगी हसतेय म्हटल्यावर तिने ते झटकून टाकलं.

मग मी भिंगरीच्या दप्तरातून तिच्या शाळेत गेलो. वर्गाच्या बाई मोठ्या हौशी. त्यांनी अस्वलाचा घोगरा आवाज काढून मला वाचलं आणि पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. भिंगरी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होती, कारण हे माझ्या आईने लिहिलंय, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मधल्या सुट्टीनंतर बाईंनी तिला फळ्यावरची ओळ वाचायला उभं केलं. 'भाऊ घरी आला.' तिने वाचलं, 'माऊ धरी आला.'

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अस्वल."

बाईंनी दटावलं. पण तोंडातून सुटलेला शब्द कुणाला पकडता आलाय? मी टेबलावर उघडा पडलो होतो, अस्वलाचं चित्र वर करून. मला मिटता येत असतं, तर त्याच क्षणी मिटलो असतो.

घरी येऊन भिंगरीने घसा दुखतो म्हणून वाचणं बंद केलं. आई गुळण्या करायला लावायची, चमच्याने जीभ दाबून घसा बघायची. घशाला काही झालेलं दिसेना आणि घसा बराही होईना. शेवटी बाईंनीच आईला शाळेच्या फाटकापाशी गाठून सगळं सांगितलं. जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला हे सुचलं तरी कसं हो?" आई तशीच घराकडे वळली.

घरी पोचताच तिने प्रकाशकांना फोन लावला आणि पुस्तक थांबवा म्हणून सांगितलं. ते चक्रावले. दुसरी आवृत्ती छापून तयार होती. पुस्तकाला हातही न लावणारी पोरं मला वाचत होती, असं ते सांगत राहिले. ते खोटं नव्हतं. आईने फोन ठेवला आणि मला कपाटात चादरींखाली दडपून टाकलं. मला राग आला नाही. आम्हा दोघांत अपराध कुणाचा किती, ते मलाही सांगता आलं नसतं.

भिंगरीने मला शोधून काढलं. रविवारची दुपार होती, आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. भिंगरीने मला त्या ढिगावर ठेवलं.

"आई, हे अस्वल मी आहे का?"

"नाही गं. अस्वल ते अस्वलच."

"मग त्याला माझ्याच चुका कशा येतात?"

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. ती म्हणाली, "तुझ्याच आहेत. मी घेतल्या. तुला विचारलं नाही."

भिंगरीने शेवटचं पान उघडलं आणि बराच वेळ पाहिलं. मग तिने विचारलं, "त्याला कधीच वाचता येणार नाही?"

माझं एक अक्षरही न वाचता पोरीने मला बरोबर वाचलं होतं. आई घाईघाईने म्हणाली, "येईल, येणारच. मी तसं लिहिलं नाही, कारण न आल्यावर लोक जास्त हसतात."

"म्हणजे त्याला आलं असतं," भिंगरी म्हणाली, "तू येऊ दिलं नाहीस."

आईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती मागे सरकली.

पुढे आईने प्रकाशकांशी भांडून तिसऱ्या आवृत्तीत अस्वल पाटी बरोबर वाचतं असं एक पान वाढवून घेतलं. माझ्यात ते पान नाही. शाळेतली पोरंही हळूहळू दुसऱ्या चेष्टेच्या मागे लागली. माझे कोपरे आता दुमडलेत, एक पीन सुटलीय. माझी भावंडं तुमच्या घरी असतील, तर खुशाल हसा. त्यासाठीच आम्हाला काढलंय. फक्त शेजारी बसलेलं कुणी हसत नसेल, तर जरा थांबा आणि त्याच्याकडे बघा.

परवा भिंगरी आपणहून मला घेऊन आईपाशी बसली आणि ओळीखाली बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली. एके ठिकाणी बोट अडखळलं. तिने वाचलं, ते चुकलंच. तिने मान वर करून आईकडे पाहिलं. आईने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"हस ना," भिंगरी म्हणाली. "इथे हसायचं असतं."

आईला हसता येईना. भिंगरीने थोडी वाट पाहिली, आणि पान उलटलं.