मधली शांतता

“घोरतात, पण अगदी सलग नाही हो,” बाई डॉक्टरांना म्हणाली. “मध्येमध्ये एकदम गप्प होतात. बाळासारखे शांत झोपतात.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याने मात्र बायकोकडे समाधानाने पाहिलं. चोवीस वर्षं बस चालवलेल्या या माणसाला गेल्या आठवड्यात भर दुपारी सिग्नलला डुलकी लागली, पाय ब्रेकवरून सुटला आणि बस पुढच्या टेम्पोला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंही नाही. पण डेपोच्या साहेबांनी फर्मान काढलं, आधी डॉक्टरांचा कागद, मग स्टिअरिंग. दवाखान्याचा जिना चढताना त्याने बायकोला पढवून ठेवलं होतं, “थोडंफार घोरतो म्हण. उगाच फाटे फोडू नकोस.”

ती बिचारी कसले फाटे फोडणार? लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची, पायांचे तुकडे पडायचे, आणि घरी आडवं व्हावं तर शेजारी हा कारखाना सुरू. कानात कापूस घालून झाला, डोक्यावर उशी घेऊन झाली. घोरणं मध्येच थांबलं की तेवढ्यात ती डोळा लावून घ्यायची. त्या शांततेवरच तिचा संसार तरला होता.

“ही शांतता किती वेळ असते?” डॉक्टरांनी विचारलं.

“असेल अर्धा मिनिट. कधी जास्तही. मग दचकून मोठ्ठा श्वास घेतात, की पुन्हा सुरू.”

“ताई, तेव्हा ते शांत झोपलेले नसतात. त्यांचा श्वास बंद पडलेला असतो.”

मानेभोवती चरबी वाढलीय, झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, हवेची वाट बुजते, असं डॉक्टरांनी समजावलं. वजन उतरवा, उताणं नको, कुशीवर झोपा, संध्याकाळचा पेला बंद करा. झोपेची तपासणी करू, बहुधा झोपताना नाकाला मशीन लावावं लागेल. “आणि तोवर गाडी चालवायची नाही.”

करायला गेली एक आणि झालं भलतंच. जिना उतरताना तिने त्याची बाही धरली.

“मी गप्प बसायला हवं होतं का हो?”

“तू माझीच बाजू घेत होतीस गं,” तो म्हणाला. त्याच्यात रागवायचंही त्राण नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. प्रत्येक थांब्याला त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. तिसऱ्या थांब्यानंतर मान मागे कलली, तोंड उघडं पडलं आणि घोरणं सुरू झालं. पुढच्या बाकावरच्या दोघी फिस्सकन हसल्या. एरवी तिने त्याला कोपर मारलं असतं आणि स्वतः मेल्याहून मेली असती.

मग घोरणं थांबलं. तिने पाहिलं, छाती धडपडत होती, पण श्वास आत जात नव्हता. अशा वेळी आपण किती वर्षं निवांत कूस बदलत आलो! तिने त्याचा खांदा गदागदा हलवला.

“अहो! श्वास घ्या!”

त्याने मोठ्याने श्वास ओढला आणि डोळेही न उघडता पुन्हा घोरू लागला. अर्धी बस वळून हसली.

“घोरू द्या हो त्यांना,” ती म्हणाली, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून जागी बसून राहिली.